कामात असलेलं कार्ड

इस्पितळाच्या तळघरातल्या कॉम्प्युटरवाल्याने काल हौसेने लिनक्स अपडेट केलं आणि ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, बंद पडला. त्याच कार्डावर आज त्याच्या ताईच्या मेंदूतल्या गाठीचा नकाशा तयार व्हायचा होता. नकाशा हाती आल्याशिवाय सर्जन सुरी लावणार नव्हते, आणि ताईकडे फार दिवस उरले नव्हते.

सकाळपासून तो नवा ड्रायव्हर टाकत होता. दर वेळी पडद्यावर एकच ओळ यायची : कार्ड दुसऱ्या कामात आहे, ते संपू द्या.

कसलं काम? यादीत एकही काम दिसत नव्हतं. त्याने नेटवर्कची वायर उपटली. मशीन अकरा वेळा बंद करून चालू केलं. ओळ तीच.

शेवटी त्याने पेटी उघडली, कार्डच उपसून टेबलावर ठेवलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

कार्ड दुसऱ्या कामात आहे.

तासाभराने त्याने टेबलावरच्या कार्डाला सहज हात लावला. चटका बसला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून दाजींचा फोन आला.

"शाब्बास रे पठ्ठ्या! आणि मी म्हणत होतो, आमच्या मेव्हण्याला टीव्हीचा रिमोटही जमत नाही. डॉक्टर म्हणाले, इतका स्वच्छ नकाशा आजवर पाहिला नाही. सगळे डावीकडे बघत बसले होते, गाठ उजवीकडे निघाली."

"दाजी, मी काहीच पाठवलेलं नाही. थांबवा त्यांना!"



"आता कसं थांबवू रे? उजवी बाजू उघडलीय."