रोजची एक चूक

"सापडली का चूक कुणाला?" महेंद्र सरांनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि बारावी सायन्सच्या वर्गातून एकही हात वर आला नाही.

फळ्यावर इंटिग्रेशनचं गणित होतं. पुस्तकातलं उत्तर एक, फळ्यावरचं उणे एक. समोर एकवीस पोरं-पोरी बसलेली. त्यांचं लक्ष फळ्याकडे कमी आणि दाराकडे जास्त होतं. एरवी इतका वेळ लागायचा नाही.

जूनमध्ये, पहिल्याच तासाला सरांनी नियम घातला होता. रोज मी एक चूक मुद्दाम करणार, तुम्ही ती पकडायची. पकडणाऱ्याला कोरा खडू बक्षीस. कोरेगाव भीमाच्या त्या ज्युनिअर कॉलेजातल्या बाकीच्या शिक्षकांनी हसून सोडून दिलं. म्हातारपणी सरांना खूळ लागलं म्हणाले. पण पोरांनी मनावर घेतलं. एक दिवस अक्षदा पकडायची, दुसऱ्या दिवशी शितल. मागच्या बाकावरचा शाकीर अकरावीत साध्या समीकरणाला घाबरायचा, पण एकदा तोही उठला आणि त्यानं नेमकं बोट ठेवलं. "शाब्बास, मुद्दामच केली होती," असं म्हणत सरांनी त्याच्या हातावर खडू ठेवला.

मुद्दाम कसली डोंबलाची! उन्हाळ्यात सरांना अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला होता. हात सुधारला, जीभ सुधारली, पण गणितातली चिन्हं निसटायला लागली. कधी उणे गळायचं, कधी कंस. एकतीस वर्षं जे डोळे झाकून केलं, ते आता डोळे फाडून पाहिलं तरी दिसेना. हे सांगायचं तरी कुणाला? म्हणून हा नियम. रोज कुणीतरी उठून त्यांची लाज राखायचं. सर मनोमन त्याचे उपकार मानायचे आणि त्याच वेळी स्वतःला लबाड ठरवायचे. बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. ज्या दिवशी चूक कुणालाच दिसणार नाही, तशीच वह्यांत उतरेल, त्या दिवशी हा वर्ग दुसऱ्याच्या हाती द्यायचा, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. तो दिवस आज उगवला होता. त्यांनी फळा पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. काही दिसलं नाही.

"येऊ का सर?"

दारात सुमैया उभी होती, धुळीनं माखलेली, धापा टाकत. केंदूर गावच्या वजीरभाईंची ही मुलगी. पोरीला जड जातंय, गणित सोडू द्या, असं ती अकरावीत असताना वजीरभाई म्हणाले होते, तेव्हा सरांनी त्यांच्या ओट्यावर ठाण मांडलं आणि ते हो म्हणेपर्यंत उठले नाहीत.

सुमैया जागेवर गेलीच नाही. दारातूनच तिनं फळा वाचला.

"तिसरी ओळ, सर. कंसाबाहेर माइनस, आत बी माइनस हाय. त्याचं प्लस व्हायला पायजे."

सरांनी चिन्ह बदललं. उत्तर एक आलं. वर्गातल्या सगळ्यांनी श्वास सोडला आणि वह्या उघडल्या. सरांनी सवयीनं नवा खडू उचलला, पण तो त्यांना देववेना.

"आता खरं ऐका," ते म्हणाले. "जूनपासून एकही चूक मी मुद्दाम केलेली नाही. आजारपणानंतर मला दिसतच नाही कुठं चुकतंय ते. तुम्ही लेकरांनी मला सांभाळलंत, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तुमच्या वर्षाशी मी खेळणार नाही. उद्यापासून दुसरे सर येतील."

कुणी दचकलं नाही. कुणी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. सुमैयानं ओढणीनं तोंडावरची धूळ पुसली.

"दुसरे सर नकोत आम्हाला," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यातच कळलं होतं सर. मुद्दाम चूक करणारा माणूस असा घामाघूम होत न्हाई. तवापासनं आम्ही नंबर लावलेत. ज्याचा नंबर, त्यानं त्या दिवशीची पुस्तकातली समदी गणितं घरून सोडवून आणायची, म्हंजी तुमची चूक फळ्यावर राहायची न्हाई. आज माझा नंबर होता, आन् नेमकी एसटी वाटंत बंद पडली. तुम्हाला इतका वेळ ताटकळावं लागलं, तेवढं माफ करा."