कोशातले शेवटचे चाळीस शब्द

“परत तेच,” थोरली म्हणाली आणि तिने पुन्हा एकदा कळा दाबल्या.

चिनी लिहायची रीत तशी सोपी. इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करायचा, की खाली त्या उच्चाराच्या चिनी अक्षरांची यादी उघडते; त्यातलं हवं ते निवडायचं. इथे, बाबांच्या कॉम्प्युटरवर, यादीच उघडत नव्हती.

कॉम्प्युटरवाल्याने खुर्ची पुढे ओढली. “आणखी काय होतं, ताई?”

“कोशाची फाईल उघडली म्हणतो, पण दिसत नाही. बाण मधूनच उजवीकडे पळतो आणि गायब होतो. आणि मघाशी...” ती जरा अडखळली. “मी हात लावला नव्हता, तरी दोन चिनी अक्षरं आपोआप उमटली.”

“म्हणजे भूतच,” तो हसला. मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याने हसू आवरलं.

बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते. चिनी शब्दकोशासाठी अकरा वर्षं याच खोलीत दार लावून बसत होते ते. चाळीस शब्द तेवढे राहिले. त्यांची कार्डंही तयार होती: प्रत्येकावर एक चिनी शब्द, खाली अर्थ. बाबा काटकसरी. आईच्या शिवणकामातले जाड कागद उरायचे, त्यांचीच ही कार्डं. काहींच्या कडा तर नागमोडी कात्रीने कापलेल्या होत्या.

प्रकाशकाने आज पाचपर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर काम एका प्राध्यापकांकडे जाणार, मुखपृष्ठावर नाव त्यांचं लागणार आणि बाबा आभारांच्या पानावर. आयत्या बिळावर नागोबा! थोरली कॉलेजात दोन वर्षं चिनी शिकली होती. कार्डं बघून टाइप करण्याइतकं तिला येत होतं. म्हणून तर ती सुट्टी काढून सकाळीच येऊन थडकली होती.

“अकरा वर्षं म्हणालात ना?” कॉम्प्युटरवाल्याने कीबोर्ड उलटा करून झटकला. “हा तर कोरा करकरीत दिसतोय. एक अक्षर झिजलेलं नाही.”

“बाबा वस्तू फार जपून वापरायचे.”

तो टेबलाखाली शिरला. “ही वायर भिंतीत कुठे गेली?”

“पलीकडे आईची शिवणखोली आहे. तिच्या दिव्यासाठी बाबांनी काहीतरी ओढून घेतलं होतं.”

तेवढ्यात आईच दारात आली. गळ्यात मापाची टेप, चष्मा कपाळावर.

“अजून किती वेळ लागेल?”

“काकू, रोग कळला की औषध सोपं,” टेबलाखालून आवाज आला.

“मग आधी बाहेर येऊन चहा घ्या दोघं. त्यालाही जरा थंड होऊ दे. सकाळपासून तापलाय.”

“आई, ते इस्त्रीसारखं नसतं गं,” थोरली म्हणाली. “तुला नाही कळायचं त्यातलं.”

“नाही बाई कळायचं,” आई म्हणाली आणि कप ठेवून शिवणखोलीत गेली. दार लागलं. मशीनची खडखड सुरू झाली आणि थोड्या वेळाने थांबली.

चहा पिता पिता आत्याचा फोन आला. “वहिनीचं कसं व्हायचं गं? दादा होता तोवर ठीक होतं. तिला बिचारीला शिलाईपलीकडे जग माहीत नाही.”

“मी आहे ना, आत्या.” थोरलीने घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. “आज बाबांचं काम तडीस नेते, मग आईचं बघते.”

दोघं परत आत आले. कॉम्प्युटरवाल्याने कीबोर्डची भाषा काढून पुन्हा घातली. यादी नाही. त्याची वायर काढून पुन्हा खोचली. यादी नाही. चार वाजले. त्याने डोकं खाजवलं आणि सेटिंगची आणखी एक खिडकी उघडली. तिथे दोन चौकोन होते, एक आणि दोन.

“अरेच्चा! ताई, दुसरा स्क्रीन कुठाय?”

“दुसरा कधी नव्हताच.”

“जुना कधीतरी असणार. मशीनला वाटतंय, तो अजून आहे.” तो खुशीत आला. “यादी उघडते हो, फाईलही उघडते, पण सगळं तिकडे, आपल्याला दिसत नाही असं. बाणही तिकडेच जातो. काखेत कळसा!”

“मशीनला वाटतंय, तो अजून आहे,” थोरली हळूच म्हणाली. क्षणभर ती फोटोकडे बघत राहिली. “मग आता?”

“आता सांगायचं, बाबा रे, जे आहे ते याच स्क्रीनवर दाखव.” त्याने दुसऱ्या चौकोनावर फुली मारली.

स्क्रीन काळा झाला, मग उजळला. कोशाची फाईल समोर आली, थेट शेवटच्या पानावर. थोरलीने दोन कळा दाबल्या. खाली यादी उघडली, एकापासून नवापर्यंत, स्वच्छ.

“जमलं!” तिने टेबलावर थाप मारली. कॉम्प्युटरवाल्याने कॉलर ताठ केली.

आता चाळीसच शब्द. वेळ होता. तिने गठ्ठ्यातलं पहिलं कार्ड उचललं आणि फाईलमध्ये त्याची जागा शोधली.

तो शब्द तिथे होता. अर्थासकट.

दुसरं कार्ड. तोही होता. तिसरा, चौथा, दहावा. ती भराभर कार्डं उलटत गेली. एकोणचाळीस शब्द जागच्या जागी बसलेले होते. फाईलवर तारीख आजची होती. वेळ, चार वाजून दहा मिनिटं. मघाशी दाबलेल्या दोन कळा सोडल्या, तर थोरलीने अजून काहीच टाइप केलं नव्हतं.

शिवणखोलीचं दार धाडकन उघडलं.

“अगं, माझा स्क्रीन कुणी घालवला?” आई तिथूनच ओरडली. “एकच शब्द राहिला होता माझा!”