गांडुळांचं पथ्य

आत्याने खताच्या डब्याचं झाकण उचललं. जिवंत गांडुळं झाकणाला खालून लोंबत होती. बाकीची भोकांतून बाहेर पडून बाल्कनीच्या फरशीवर मरून पडली होती. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लिंबाची सालं नाहीत, कांदा नाही, मिठाचा कण नाही. स्वतःचं एक वेळ मोडेल, पण गांडुळांचं पथ्य तिने कधी मोडलं नव्हतं.

नवीन असं डब्यात पडलं होतं ते एकच. तिची काळजी घ्यायला म्हणून महिन्याभरापूर्वी राहायला आलेला भाचा गेल्या आठवड्यापासून रोज दुपारी तिच्यासाठी बिनमिठाचं सूप करत होता. ते कडवट सूप काही तिच्या घशाखाली उतरेना, पण पोराचं मन कसं मोडायचं? आठवडाभर तो भांडी घासायला वळला की ती वाटी गुपचूप डब्यात रिकामी करत होती.

शेवटी तिने चोरी कबूल केली. "रागावू नकोस रे, तुझं सूप मी यांनाच घालत होते. बघ ना, बिचारी कशी पळत सुटलीत!"

भाच्याने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्हणजे तुझ्या पोटात एक घोटही गेला नाही?"

"नाही रे. चुकलंच माझं."

तो आत गेला, वाटी भरून घेऊन आला, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि चमचा तिच्या ओठांशी धरला.

"आजपासून मी भरवणार, आत्या. आ कर."