बत्तीस मात्रा

"इथनं पुढं माझ्या आवाजात विराम टाक," लक्ष्मणराव स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाले. "बत्तीस मात्रा. दम पुरत न्हाई आता."

तनुजाने माउस सोडला. "काका, एकदा जयसिंगकाकांशी बोला ना."

"त्याला कळता कामा न्हाई. त्यो वाजवील की. रेड्यागत दम हाय त्याला."

महाळुंग्याच्या बँडमध्ये आता दोनच क्लॅरिनेटवाले उरले होते, लक्ष्मणराव आणि जयसिंग. दोघं चाकणच्या एकाच कंपनीत, पण उलट्या शिफ्टला. एकत्र सराव कधी जमायचाच नाही. म्हणून बँडमास्तर मालोजींची नात तनुजा वाकडहून येऊन दोघांचे आवाज, म्हणजे ज्याने त्याने वाजवायचे सूर, स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच ओळीवर लिहायची. मग प्रत्येकाला त्याचा कागद आणि मोबाइलवर अख्खी चाल. जो तो घरी एकटाच वाजवायचा.

रविवारी मास्तरांचं वर्षश्राद्ध होतं. त्यांचीच चाल वाजवायची होती. ती मोडली, तर वाद्यं विकून डीजे घ्यायचा, असं मास्तरांच्या मुलाने, रविराजने, जाहीर करून ठेवलं होतं.

तनुजाने सूर पुसले. त्यांच्या जागी विराम उमटले. मग ती बराच वेळ आणखी काही भरत राहिली.

"ह्ये काय?"

"तिसरा आवाज. छापताना दिसणार नाही."

"मानसं दोन अन् आवाज तीन?"

"कॉम्प्युटरला लागतो, काका."

कंपनीतही दोन कामगारांवर तीन सुपरवायझर होते. लक्ष्मणरावांना पटलं.

तिने चाल ऐकवली. त्या बत्तीस मात्रांतही क्लॅरिनेट खणखणीत वाजलं.

"बघ! जयसिंग्या हाय म्हनून बँड हाय."

तनुजाने लॅपटॉप मिटला.

रविवारी मांडव भरला होता. चाल सुरू झाली आणि बघता बघता ती अवघड जागा आली. तिथे मास्तरांनी ड्रमलाही गप्प बसवलं होतं, नुसतं क्लॅरिनेट. लक्ष्मणरावांनी आपलं मांडीवर ठेवलं आणि निश्चिंतपणे डोळे मिटले.

मांडवात चिडीचूप झालं. लोकांना वाटलं, श्रद्धांजली. खुर्च्या सरकल्या. दोनशे माणसं माना खाली घालून उभी राहिली. रविराजनेही टोपी काढली.

लक्ष्मणरावांनी हळूच एक डोळा उघडून शेजारी पाहिलं.

जयसिंगचंही क्लॅरिनेट मांडीवर होतं, आणि तो डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत, आपल्या विरामाच्या मात्रा मोजत होता.