कलमापुरती माती

सड्याच्या पठारावरच्या उघड्या कातळाकडून दाऊदचाचांना हापूसच्या एका कलमापुरती माती हवी होती. बाग नव्हे, एकच कलम. त्यासाठी त्यांनी तरुणपणीच उतारावर दगडांची आडवी ओळ रचली. उन्हाने कातळ तडकायचा, शेवाळ त्याला पोखरायचं, आणि पाऊस तो चुरा खाडीकडे नेता नेता चाचांच्या दगडांपाशी थोडा सांडून जायचा.

शेजारचा याकूब दर पावसाळा सरला की बघायला यायचा. "काय दाऊद, यंदा पीक किती? मूठभर की चिमूटभर?"

"तुझ्या अकलेपेक्षा जास्त," चाचा म्हणायचे.

केस पांढरे होईतो हातभर थर साठला. चाचांनी कलम आणून ठेवलं, आणि त्याच आठवड्यात याकूब वारला.

कबरस्तानही सड्यावरच. कबर खोदली तर नुसत्या जांभ्या दगडाच्या कपच्या निघाल्या. याकूबचा मुलगा चाचांच्या दारात येऊन मान खाली घालून उभा राहिला. "चाचा, अब्बांवर दगड लोटायला हात धजत नाही."

एवढी माती पुन्हा साठायची तर आणखी एक आयुष्य लागणार, हे चाचांनी उभ्या उभ्या मोजलं. मग घमेलं त्यांनीच उचललं.

संध्याकाळी ओळीमागचा कातळ पुन्हा उघडा पडला. कातळ झिजला होता, पावसाने फुकट हमाली केली होती, चाचांचं वय खर्ची पडलं होतं. आणि सगळी माती अंगावर ओढून याकूब निजला होता. त्याने चाचांना थट्टेशिवाय कधी काही दिलं नव्हतं. आता तीही बंद झाली.