ब्याण्णव कशाचे?

आठशेव्या पिढीला गुण ब्याण्णवावर गेले आणि शमिका चौथ्यांदा खुर्चीवरून उठली. खिडकीपर्यंत गेली, खिडकीत नवीन काही नव्हतं, परत आली.

पिढ्या किल्ल्यांच्या होत्या, म्हणजे गुप्त मजकूर उलगडणाऱ्या आकड्यांच्या. संगणक हजारभर किल्ल्या वाटेल तशा घडवायचा, प्रत्येकीला गुण द्यायचा, मठ्ठ हाकलायचा आणि हुशारांची आपसांत लग्नं लावून पुढची पिढी काढायचा. मजकुराचे सारखे तुकडे पाडून ते कुलूपबंद करणाऱ्या एका नावाजलेल्या पद्धतीची खरी किल्ली अशाने हाती लागते, म्हणजे ती पद्धत कच्ची आहे, असा शमिकाचा प्रबंध. वर्षं पाच. उद्या व्हायवा. पदवी मिळाली तर कॉलेजातली नोकरी कायम, नाहीतर जूनपासून घरी. हा हिशेब त्यांच्या मोहल्ल्याला, निम्म्या सीपरी बाजाराला पाठ होता.

पलंगावर तिची आई इंदुमती सूटकेसचं नंबरचं कुलूप घेऊन बसली होती. नंबर विसरला होता, म्हणून शून्यापासून एकेक लावत ती चारशे सतरावर पोचली होती. निवृत्त शिक्षिका, घाई तिच्या स्वभावात नव्हती, ती सगळी लेकीकडे गेली होती.

“हे मेलं एकदा तरी म्हणतं का, इंदू, जवळ आलीस म्हणून? तुझं बरं गं सांगतं!”

“आई, त्या किल्लीने मजकूर उलगडून बघतात. जितका जुळला तितके गुण.”

“म्हणजे किल्ली जराशी चुकली तर मजकूरही जरासाच चुकतो?”

“छे! एका ठिकाणी चुकली तरी सगळा मजकूर विस्कटतो. चांगल्या पद्धतीची खूणच ती.”

“मग ब्याण्णव कशाचे?” इंदुमतीने विचारलं आणि चारशे अठरा लावला.

शमिका या वेळी उठली नाही.

गुण देणारी फाइल तिने कधी उघडलीच नव्हती. ती तिच्या गाइडची, आठल्ये सरांची. आणि सरांची वस्तू तपासायची नसते, एवढं वळण तिला होतं. फाइल चाळीस ओळींची निघाली. मजकूर त्यात कुठेच उलगडला जात नव्हता. अकराव्या ओळीत ती गुपचूप खरी किल्ली वाचत होती आणि बाकीच्या किल्ल्या तिच्याशी ताडून गुण वाटत होती.

शमिकाने ती ओळ पुसली आणि मजकूर खरोखरच जुळवायला लावला. पहिली पिढी, पन्नास. दोनशेवी, पन्नास. आठशेवी, पन्नास. नाणं उडवून जुळवलं तरी एवढं जुळतं. पद्धत पक्की होती.

तिने सरांना फोन लावला. याच फाइलवर त्यांचे आधीचे चार विद्यार्थी डॉक्टर झाले होते; आता चौघेही कुठे ना कुठे विभागप्रमुख.

ती एका दमात सगळं बोलली. शेवटी म्हणाली, “सर, उद्या मी हेच सांगणार. पदवी गेली तरी.”

पलीकडे सरांनी कूलर बंद केला.

“सांग, बेटा,” सर म्हणाले. “हा फोन मला त्या चौघांचाही आला होता. फक्त व्हायवाच्या दुसऱ्या दिवशी.”