गोगलगायीचं बारसं

सागरी जीवांचा अभ्यास करणारी ऋजुता ओहोटीच्या वाळूत तीन दिवस एकाच चंद्रासारख्या वाटोळ्या गोगलगायीपाशी अडली होती. जुळ्या बहिणींसारख्या दोन जाती. फरक एवढाच, की पहिलीच्या शंखाला खालून बेंबीसारखं भोक असतं, दुसरीला नसतं. हिला नव्हतं. रंगरूप मात्र पहिलीचं! संध्याकाळी सरांना नाव कळवायचं होतं, आणि गेल्या खेपेला ती चुकली होती.

शेजारी शिंपल्या वेचणाऱ्या द्रौपदीबाईंनी शंख हातात घेतला, अंबाड्यातला आकडा काढून बुडाशी हलकेच कोरलं. घट्ट बसलेली वाळू भुरभुरली आणि छान गोल बेंबी उघडी पडली.

"पोराला न्हाऊ न घालताच बारसं करतेस होय गं, बाय?"

ऋजुता वाळूतच फतकल मारून हसत सुटली. गोगलगायीला पाण्यात सोडून तिनं वही उघडली. 'ओळखणाऱ्याचं नाव' या रकान्यात आधीच लिहून ठेवलेलं स्वतःचं नाव खोडलं आणि लिहिलं, द्रौपदी तांडेल.

"माझं कशाला?"

"बारशाला नाव आत्याच ठेवते ना?"

द्रौपदीबाईंनी ओले हात ऐटीत कमरेवर ठेवले. "मग आत्याचं लुगडं कुठाय?"